पितळेला भाव, नावाला पॉलिश

हमरस्त्यावरच्या कुठल्याही धाब्यावर हल्ली एक गाव भिंतीला टांगलेलं असतं. बैलगाडीचं चाक, कंदील, सूप, नांगर, कोपऱ्यात जातं आणि त्याच्या शेजारी चकचकीत पितळी घागर. फलकावर 'चुलीवरचं जेवण' असं लिहिलेलं असतं आणि मागच्या बाजूला गॅसच्या टाक्या लावलेल्या असतात. माझी त्याला हरकत नाही. चार पोरांना काम मिळतं, शहरातल्या माणसाला दोन तास बरं वाटतं. पण मी आयुष्यभर खेड्यात राहिले, जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आणि त्या भिंतीकडे बघून मला दर वेळी एकच प्रश्न पडतो. हे सगळं कुणाचं होतं?

कारण त्या घागरीला मालकीण होती. आणि बहुतेक वेळा तिचं नाव त्या घागरीवर होतं.

ज्यांनी जुनी भांडी हाताळली आहेत त्यांना हे सांगायला नको. लग्नात भांड्यांचा आहेर द्यायचा तर दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायची रीत होती. दुकानाच्या पायरीवर एक माणूस छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला असे. चिठ्ठीवर लिहून दिलेला मजकूर तो ठिपक्याठिपक्यांनी भांड्यावर उठवायचा. पुढे विजेवरचं यंत्र आलं. कुणाला, कुणाकडून, कुठलं गाव, कुठली तारीख. जागा उरली तर 'सप्रेम भेट'. शुद्धलेखनाची अपेक्षा कुणी ठेवत नसे. अक्षरामागे पैसे द्यायचे असल्याने देणारा मजकूर आखूड करी, आणि नाव घालणारा आपल्या कानाला ऐकू आलं तसं लिही.

आमच्या घरात अशी अकरा भांडी उरली आहेत. त्यांतली चार हिंदू घरांतून आलेली. आईच्या लग्नातला पितळी डबा कासाराच्या घरून आला. त्यावर आईचं नाव मराठीत आहे आणि नावापुढे 'बी'च्या जागी 'बाई' आहे. नाव घालणाऱ्याच्या हाताला तेच वळण असणार. आईला त्याची कधी गंमत वाटली नाही की राग आला नाही. तो डबा तिचा होता आणि त्यावर तिचं नाव होतं, एवढंच तिला पुरेसं होतं.

आता जरा विचार करा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी खेड्यातल्या बाईचं नाव कुठे कुठे लिहिलेलं असायचं? सातबारा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. शाळेत ती गेलेलीच नसे, म्हणजे रजिस्टरला नाव नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून गाळावी लागली होती, कारण त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं. मुसलमान बाईचं नाव निकाहनाम्यावर असायचं, बापाच्या नावासकट आणि मेहेरच्या रकमेसकट. आणि त्यानंतर थेट भांड्यावर.

जुन्या बाजारात गेलात तर भांडीवाल्याला विचारून बघा. बफिंगच्या चाकावर तो पहिल्यांदा काय घासतो? नाव. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "बाई, नाव असलं की गिऱ्हाईकाला ते दुसऱ्याचं वाटतं." बरोबर आहे त्याचं. दुसऱ्याचंच असतं ते. गिऱ्हाईकाला गाव हवं असतं, पण त्या गावात आधीपासून कुणी राहत असलेलं नको असतं.

*

जुन्या वस्तूंचं हे वेड आता फक्त शहरातलं राहिलेलं नाही. गावात मोबाइल आला तसं तेही आलं. आमच्याकडे नाण्यांचं वेड जास्त, आणि त्याला कारणही आहे. आमचा भाग सीना नदीच्या काठचा. नदीच्या एका अंगाला इंग्रजी अंमल आणि पलीकडे निजामाचं राज्य, ज्याला म्हातारी माणसं शेवटपर्यंत 'मोगलाई'च म्हणायची. त्यामुळे घरोघरी दोन्हीकडची नाणी सापडतात. इकडचा कलदार रुपया, तिकडचा चारमिनारचं चित्र असलेला हाली सिक्का. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला भोकाचा पैसा. मग १९५७ नंतरचे नवे पैसे, आणि पुढे आलेलं पिवळं, कमळाचं वीस पैशांचं नाणं, जे बायकांनी पुतळ्यांच्या माळेसारखं दोऱ्यात ओवून पोरींच्या गळ्यात घातलं होतं. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी जून २०११ अखेर चलनातून गेली, तेव्हापासून पोरांना ती सगळी सारखीच पुरातन वाटतात.

या वेडावर जगणारी एक जातच निर्माण झाली आहे. 'ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट द्या, लाखो रुपये घ्या' असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आपल्या लोकांसाठी त्यांनी वेगळं जाळं टाकलं आहे. ज्या नोटेच्या क्रमांकात ७८६ आहे ती नोट म्हणे परदेशातला कुणी शेख लाखाला घेतो. आधी नोंदणीचे हजार रुपये भरा, मग जीएसटीचे पाच हजार भरा, मग 'रिझर्व्ह बँकेच्या परवानगी'चे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा काडीचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलंही शुल्क घेत नाही. तरी आमच्या गल्लीतल्या एका पोराने ऊसतोडीच्या उचलीतले आठ हजार असे घालवले. नोट अजून त्याच्या पाकिटात आहे. ती चालते. शंभरची आहे, शंभरालाच चालते.

पण जुनं जमवणाऱ्या सगळ्यांनाच मी एका तराजूत तोलत नाही. जमवणं हे मोठं काम असू शकतं. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, भांडी, दरवाजे जमवले आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. वीस हजारांवर वस्तू आहेत तिथे. रोजच्या वापरातली चीज जपण्यालायक असते, हे आपल्याकडे त्यांनी शिकवलं. त्यांच्या आधी इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी दप्तरं धुंडाळत पायपीट केली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' बावीस खंडांत छापली. ज्या घरी दप्तर मिळालं त्या घराचा, गावाचा पत्ता ते सांगत. तो पत्ता नसता तर नुसत्या कागदाला फारशी किंमत राहिली नसती.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते जात्यावरच्या ओव्यांचं काम. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात सुरू केलं. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा झाल्या, आणि प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव, तिचं गाव जोडलेलं आहे. आता 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. जातं कुणीही दिवाणखान्यात आणून ठेवील. या लोकांनी जात्यामागे बसलेली बाई जपली.

माझ्या दादीला दिवाणखान्यातलं जातं दाखवलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे मला चांगलं माहीत आहे. गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी तिने जातं अंगणात नेऊन पालथं घातलं आणि त्यावर कोंबड्यांना पाणी ठेवलं. पहाटे तीनला उठून दहा माणसांची ज्वारी दळणं ज्यांच्या वाट्याला होतं त्यांना जात्याची आठवण येत नाही. आठवण येते ती ज्यांनी फक्त पीठ खाल्लं त्यांना.

पोस्टाचंही तसंच. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन दिवस डोळे पाणावले होते. पोस्टमनकाका, मनीऑर्डर, पन्नास पैशांचं कार्ड. सगळं खरं. मुंबईला गिरणीत असलेल्या चाचाची मनीऑर्डर आली की आमच्याकडे चहात साखर जास्त पडायची. पण आपल्यातल्या कित्येक बायकांना तलाकही त्याच रजिस्टर पोस्टाने आला. दारात पोस्टमन उभा, हातात पोचपावती, सही कर म्हणतोय, आणि सही कशावर करतोय ते तिला माहीत नाही. त्या पाकिटांबद्दल कुणी भावुक संदेश लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

जुन्या गावाच्या आठवणी काढणाऱ्यांच्या दोन तऱ्हा मला दिसतात आणि दोन्हींची मला धास्ती वाटते. एका तऱ्हेत बारा बलुतेदारांची यादी फिरते आणि तिच्यातून मुलाणी हळूच गळालेला असतो. पिंजारी, मण्यार, अत्तार, शिकलगार, कल्हईवाला यांचा तर पत्ताच नसतो. जणू कापूस आपोआप पिंजला जायचा आणि बांगड्या झाडाला लागायच्या. दुसरी तऱ्हा आपल्याच लोकांची. ती म्हणते, पूर्वी सगळे भावासारखे राहायचे, एका ताटात जेवायचे. सगळे म्हणजे कोण? महारवाड्यातल्या बाईला विहिरीवर पाणी कोण घेऊ देत होतं? आपल्या घरांतही त्यांचा कप वेगळा असायचा, हे आपण विसरून कसं चालेल? आणि सप्टेंबर १९४८ कसं विसरायचं? आधी रझाकारांनी गावं जाळली, मग पोलिस कारवाईनंतर सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, गणलं आहे. पलीकडच्या कित्येक घरांत १९४८ च्या आधीचा एकही कागद नाही, त्याचं कारण हेच आहे. पेट्या घरासकट गेल्या.

गोडच आठवायचं ठरवलं की माणसं गाळावी लागतात. मग ती कुणीही असोत.

चाकाचंच बघा. धाब्याच्या भिंतीवर चाक आहे, पण बैल कुठे गेला? मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हातारा बैल विकता येत नाही, पोसणं परवडत नाही. बाजारातून जनावर घेऊन निघालेला व्यापारी, मग ते कायदेशीर का असेना, रस्त्यात कोण अडवील याचा नेम नाही. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा आठवडी बाजारात दावणीला उभी राहून परत गेलेली जनावरं शेतकऱ्यांची होती, आणि ते शेतकरी बहुतेक हिंदू होते. बैलगाडीबद्दल हळवं व्हायचं तर त्या बाजारात एक सकाळ घालवावी. तिथे चाकं मिळत नाहीत, पण बैल का कमी झाले ते कळतं.

*

आता मुद्द्याचं. पितळेचा भाव वाढला हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच काळात जुन्या कागदाची किंमत त्याहून कितीतरी वाढली, आणि ते आपल्या लोकांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला बसली आणि सगळं सरकार जुनी दप्तरं उपसू लागलं. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. मला दिसलं ते एवढंच, की ज्या कागदांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यांसाठी लोक तालुक्याला रांगा लावू लागले. शाळेचं जनरल रजिस्टर. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, ज्यात कोतवालाने जन्म-मृत्यू टिपलेले असतात. मराठवाड्यात १९५४-५५ ची खासरा पाहणी. जुनी खरेदीखतं, काही मोडीत, काही उर्दूत. हे सगळं एकाच कपाटात असतं, आणि त्याच कपाटात आपलीही माणसं असतात.

पण कशी असतात ते मी सांगते, कारण ती रजिस्टरं मी वर्षानुवर्षं हाताळली आहेत. जुन्या नोंदींत जातीच्या रकान्यात पिंजाऱ्याच्या पोरापुढे 'मुसलमान', तांबोळ्याच्या पोरापुढे 'मुसलमान', मोमीनाच्या पोरापुढेही 'मुसलमान'. आज त्यांचा नातू ओबीसीचा दाखला काढायला जातो तेव्हा त्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात आणि पणजोबाच्या नोंदीत पिंजारी हा शब्दच नसतो. जन्मतारीख तर बहुतेकांची १ जून, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजींना रकाना भरायचा असायचा. नावांचं विचारू नका. एकाच माणसाचं शाळेत 'रहिमान', सातबाऱ्यावर 'रहेमान', मतदार यादीत 'अ. रहमान'. आडनाव कधी शेख, कधी धंद्याचं, कधी गावाचं. बाई माहेरी जैनबी, सासरी जैनाबी, आधारकार्डावर झैनब शेख. कुणीही खोटं बोललेलं नाही. लिहिणारे बदलले.

याची किंमत कशी मोजावी लागते ते आता दिसू लागलं आहे. मतदार यादीची सखोल पडताळणी बिहारनंतर गोव्यासह बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गेली. तिथे वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीशी धागा जुळवायचा असतो; स्वतःचं नाव नसेल तर आईबापाचं. लग्न होऊन दुसऱ्या गावी आलेल्या बाईने माहेरच्या बापाशी आपलं नातं कागदावर कसं दाखवायचं? शाळेचा दाखला नसेल तर तिच्याकडे निकाहनामा असतो, तोही सासूच्या ट्रंकेत. वक्फच्या मिळकतींसाठी जून २०२५ मध्ये 'उम्मीद' पोर्टल सुरू झालं आणि सहा महिन्यांत माहिती भरा असं सांगितलं गेलं, तेव्हा गावोगावच्या मशिदींचे, कब्रस्तानांचे मुतवल्ली मुंतखब शोधत फिरत होते. मुंतखब म्हणजे निजामकाळातला इनाम जमिनीचा कागद. काहींना तो सापडला, पण वाचता येईना.

आणि सप्टेंबर २०२५ मध्येच सीनेला पूर आला.

माढा, करमाळा, परांडा, मोहोळ, कुठे कुठे पाणी घुसलं ते तुम्ही पाहिलं आहे. आमच्या नात्यातल्या एका घरात पाणी छपरापर्यंत होतं. ओसरल्यावर चिखलातून पितळी हंडा निघाला, घासला, पुन्हा चकचकीत झाला. पत्र्याच्या पेटीत कागद होते. त्यांचा एक ओला ठोकळा निघाला, तो त्यांनी पत्र्यावर उन्हात टाकला आणि संध्याकाळी त्याची वीट झाली होती. सरकारी मदतीत कपड्यांचे आणि भांड्यांचे पैसे मिळतात. कागदाचा रकाना नाही.

म्हणून भिजलेल्या कागदाबद्दल दोन गोष्टी सांगून ठेवते. उन्हात टाकू नये, इस्त्री फिरवू नये. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, मधे मधे कोरे कागद घालून वाळवावा, आणि घड्या ओल्या असताना जबरदस्तीने उकलू नयेत. आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. प्लॅस्टिकमध्ये कागद भाजून निघतो, आणि मूळ शिक्का-सही तपासायची वेळ आली की ते प्लॅस्टिक सोडवता येत नाही. जमिनीचे जुने फेरफार गेले असतील तर रडत बसू नका; अनेक गावांचे ते भूमी अभिलेख विभागाच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर आहेत, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. निकाहनामा, जुनी पत्रं, लग्नाचे रुक्के यांची मात्र दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेच नसते.

आणखी एक गोष्ट मला या कागदांनी शिकवली. आपला पुरावा पुष्कळदा शेजाऱ्याच्या पेटीत असतो. जुन्या खरेदीखतात घराची चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्या तेल्याचं घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस तमक्या पिंजाऱ्याची पडवी. शाळेने त्याला नुसतं मुसलमान लिहिलं, पण शेजारच्या मारवाड्याने १९४० साली घर घेतलं तेव्हा खतात तो पिंजारी म्हणून उभा आहे, नावासकट. आणि त्या शेजाऱ्याच्या पणजोबाची नोंद आपल्याकडच्या एखाद्या कर्जरोख्यावर साक्षीदार म्हणून असू शकते. उरसाच्या कुस्त्यांची जुनी हँडबिलं बघा. वर्गणीदारांची नावं जातीधर्माच्या क्रमाने कधीच नसतात, रकमेच्या क्रमाने असतात. लग्नपत्रिका बघा. गावातले आपले लोक निकाहची पत्रिका उर्दूबरोबर मराठीत छापायचे, कारण निम्मे पाहुणे मराठी वाचणारे असत. 'आपले कार्यवाहू' म्हणून खाली कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा आणि मग सांगा गावात कोण राहत होतं.

म्हणून मी गेल्या दिवाळीपासून हे सुरू केलं आहे. फार काही नाही. ज्यांची इच्छा आहे त्यांनी रविवारी दुपारी पेटी घेऊन यायचं, आम्ही मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे आणि वहीत लिहायचं: कागद कुणाच्या घरचा, कुठल्या सालचा, त्यात कुणाकुणाची नावं. मूळ कागद लगेच परत. मी एकही ठेवून घेत नाही, कारण दुसऱ्याचा कागद घरी ठेवणं ही जोखीम आहे आणि त्यावरून उद्या भांडणं होतात. भांडी आणलीत तर त्यांवरची नावंही उतरवून घेते. पहिल्या दिवशी फक्त आपल्यातल्या बायका आल्या. तिसऱ्या रविवारी माळ्याच्या घरची म्हातारी तिच्या सासूचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, यावर काय लिहिलंय ते मला कुणी कधी वाचूनच दाखवलं नाही. तिच्या आजेसासूचं नाव होतं. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

तरुणांना एक विनंती. हे फोटो स्टेटसला ठेवू नका, गटांवर टाकू नका. त्यांत सर्व्हे नंबर असतात, सह्या असतात, बायकांच्या बापांची नावं असतात. ७८६ च्या नोटेवर फसवणारे लोक जमिनीच्या कागदावर काय करतील याचा विचार करा. पेन ड्राइव्हवर घ्या, दोन प्रती करा, एक मुलीच्या घरी ठेवा, कारण मुलगी दुसऱ्या गावात असते आणि पूर एकाच वेळी दोन गावांत येईलच असं नाही. या वेळी आला होता, ती गोष्ट वेगळी.

मोठी अडचण वाचणाऱ्यांची आहे. मोडी वाचणारा आम्हाला तालुक्यात एक मिळाला. उर्दू वाचणारी पोरं मदरशात आहेत, पण ती छापील वाचतात. निजामी कारकुनाच्या घसटत्या शिकस्ता अक्षरापुढे त्यांचं काही चालत नाही. शेवटी सापडले ते पलीकडच्या गावातले एक ब्राह्मण आजोबा. वय नव्वदीच्या पुढे. त्यांचं शालेय शिक्षण मोगलाईत, उर्दूतून झालेलं. निकाहनामा हातात घेतला की आधी 'बिस्मिल्ला' मोठ्याने वाचतात, मग मेहेरची रक्कम, मग हाली आणि कलदारचा हिशेब घालून सांगतात की त्या काळी एवढ्यात किती पायली ज्वारी आली असती. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. सून दिवसाला दोनच कागद वाचू देते. आमच्याकडे अजून एकेचाळीस पडून आहेत.